रविवारची वही



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत थोडी थट्टा झाली. बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणारा माणूस ख्रिस्ती लोकांच्या उपासनेवर कधीपासून बोलू लागला, असे एकाने विचारले. प्रश्न रास्त होता. आम्ही ख्रिस्ती नाही. आमचे वडील माळकरी होते. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले, आणि पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत झाले. तेव्हा धर्मशास्त्राचा अधिकार आमच्याकडे नाही. परंतु आठवड्यातून एकदा वही उघडून मागचा आठवडा तपासावा, शास्त्राचा काही भाग वाचून त्यावर मनन करावे, प्रार्थना करावी आणि पुढच्या आठवड्याचे काम ठरवावे, ही जी ख्रिस्ती लोकांतील रीत आहे तिचे आमच्यावर ऋण आहे. ते ऋण कसे झाले हे सांगण्यासाठी आम्ही येथे उभे आहोत.

प्रथम आठवड्याविषयी दोन शब्द. कामकरी माणसाचे आयुष्य महिन्याने मोजले जात नाही, आठवड्याने मोजले जाते. पगार महिन्याचा असला तरी थकवा आठवड्याचा असतो. मुंबईच्या गिरणी कामगाराला हा आठवडासुद्धा फुकट मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा भरविल्या, तेव्हा कुठे १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. त्याआधी यंत्र थांबेल तेव्हा सुट्टी, अशी स्थिती होती. ख्रिस्ती माणसाला रविवार हा प्रभूचा दिवस म्हणून मिळाला, आम्हांला तो लोखंड्यांच्या चळवळीने मिळाला. मिळालेल्या दिवसाचे करायचे काय, हा प्रश्न मात्र दोघांचाही एकच आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर इंग्लंडात डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन याने शोधले. १७५५ साली त्याचा मोठा इंग्रजी शब्दकोश बाहेर पडला. एवढे प्रचंड काम पार पाडणारा माणूस शिस्तीचा पुतळा असेल अशी आपली समजूत होईल, परंतु तो स्वतःला आळशी समजत असे आणि सकाळी उठणे त्याला आयुष्यभर जमले नाही. त्याच वर्षी जुलै महिन्यात त्याने रविवारचा एक कार्यक्रम कागदावर उतरविला. रविवारी लवकर उठावयाचे, आणि त्यासाठी शनिवारी लवकर निजावयाचे. सकाळी विशेष प्रार्थना करावयाची. गेल्या आठवड्यातले आपले वागणे तपासून आपण पुढे गेलो की मागे आलो हे ठरवावयाचे. पवित्र शास्त्र क्रमाने वाचावयाचे. देवळात जावयाचे, घरच्या माणसांना शिकवावयाचे, आणि आठवडाभर अंगाला चिकटलेली संसाराची धूळ मननाने झाडून टाकावयाची. लवकर उठण्यासाठी आदल्या रात्री लवकर निजावे लागते, हे त्याने कलम म्हणून लिहून ठेवले याची आम्हांला फार मौज वाटते. प्रार्थनेच्या कागदावर झोपेचा विचार करणारा मनुष्य खरोखर काही करू पाहत असतो.

त्याला ते जमले काय? बहुधा जमले नाही. त्याच्या नोंदी त्याच्या मृत्यूनंतर १७८५ साली छापल्या गेल्या. वर्षामागून वर्षे तोच संकल्प आणि तीच कबुली त्यांत आढळते. १७७५ साली, पासष्टाव्या वर्षी, उत्तम शुक्रवारी त्याने मागे वळून पाहिले आणि मोडलेल्या संकल्पांची रास पाहून स्वतःलाच विचारले, की मग पुन्हा संकल्प कशाला? त्याने दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा, की सुधारणे अगत्याचे आहे आणि निराश होऊन बसणे हा गुन्हा आहे. याच माणसाच्या घरी अंध ॲना विल्यम्स राहत होती, गरिबांना औषध देणारा रॉबर्ट लेव्हेट राहत होता. वहीत स्वतःला नापास करणाऱ्याने घरात कोणाला आसरा दिला होता, हेही विसरता कामा नये.

दुसरे उदाहरण जॉन वेस्लीचे. ऑक्सफर्डला असताना १७२५ साली त्याने रोजनिशी सुरू केली. ती सांकेतिक लिपीत असे. पुढे तर तो तासातासाची नोंद ठेवू लागला आणि भक्तीत आपले मन किती लागले याचे आकडे मांडू लागला. आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी स्वतःला विचारायचे प्रश्न ठरलेले असत. रविवारी देवावरील प्रेमाविषयी, सोमवारी मनुष्यांवरील प्रेमाविषयी, असा तो क्रम होता. खरे सांगायचे तर तासातासाची ही तपासणी वाचून आमचा जीव दडपतो. कारखान्यात हातात घड्याळ घेऊन पाठीशी उभा राहणारा माणूस आम्ही पाहिलेला आहे. तसा माणूस कोणी स्वतःच्याच मनात नेमावा, हे आम्हांला फारसे रुचत नाही.

परंतु याच वेस्लीच्या मंडळीत १७४२ साली ब्रिस्टल येथे जे घडले ते कोणत्याही संघटकाने लक्षात ठेवावे. प्रार्थनागृहाच्या इमारतीवर कर्ज होते. ते फेडण्यासाठी प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी, अशी सूचना निघाली. पुष्कळांना तेवढीही ऐपत नाही, अशी अडचण कोणी काढली. तेव्हा एक कप्तान म्हणाला, की सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे सोपवा. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, आणि ज्याला देता येणार नाही त्याचे मी भरीन. अशा रीतीने बाराबारांचे वर्ग बनले. वर्गणी गोळा करणारा दारोदार जाऊ लागला, आणि त्याला दिसून आले की पेनी विचारण्याआधी माणूस कसा आहे हे विचारावे लागते. कोणी आजारी आहे, कोणी दारू पितो आहे, कोणाचे घरात भांडण आहे. कर्जफेडीसाठी निघालेली ही व्यवस्था एकमेकांच्या आत्म्याची विचारपूस करणारी व्यवस्था झाली. दारोदार वर्गणी मागत फिरलेल्या आमच्यासारख्याला हे सारे ओळखीचे वाटते.

पुढे १८३४ साली डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल या खेड्यात सहा शेतमजुरांना संघटना बांधल्याबद्दल पकडण्यात आले. कारण दाखविले ते बेकायदा शपथ दिल्याचे. आठवड्याची नऊ शिलिंग मजुरी उतरत उतरत सातांवर आली होती. सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा देऊन त्यांना ऑस्ट्रेलियात धाडले, आणि मोठी चळवळ झाल्यावर १८३६ साली माफी द्यावी लागली. त्या सहांपैकी पाच जण मेथडिस्ट होते, आणि त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मजुरी करून उपदेश करणारा मनुष्य होता. कामगार संघटना प्रार्थनेतून जन्मल्या असे आम्ही म्हणणार नाही. त्या भुकेतून जन्मल्या. पण सभा कशी चालवावी, वही कशी ठेवावी आणि दिलेला शब्द कसा पाळावा, हे त्यातील पुष्कळांनी अशा मंडळींत शिकून घेतले होते.

हे सर्व आम्ही पुस्तकांतून नंतर वाचले. वही प्रत्यक्ष पाहिली ती आमच्या युनियनच्या खजिनदारांजवळ. ते नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबातले, कारखान्यात फिटर. वयाने आमच्याहून वीस वर्षांनी मोठे, म्हणून आम्ही त्यांना काका म्हणत असू. दुकानदार वापरतात तशी लांबट जमाखर्चाची वही त्यांच्याजवळ असे. डाव्या पानावर मागचा आठवडा, उजव्या पानावर येणारा आठवडा. डावीकडे वाचलेल्या शास्त्रभागाचे नाव आणि त्याखाली चारदोन ओळी. उजवीकडे ज्यांच्यासाठी प्रार्थना करावयाची त्यांची नावे, आणि करावयाची कामे वारासकट. एक नियम कडक होता. मागचे पान वाचल्याशिवाय नवे पान लिहावयाचे नाही.

१९९८ साली आमच्या कारखान्यात कराराची बोलणी चालू होती. कायम कामगार तीनशेच्या आसपास, कंत्राटी सत्तरएक. चिटणीस आम्ही होतो. गेटवरच्या सभेत आम्ही मोठ्या आवाजात सांगितले होते, की करार होईल तो सर्वांचा होईल. पुढे बोलण्यांत व्यवस्थापनाने पेच टाकला. कंत्राटी कामगारांचे कलम सोडा, कायम कामगारांना चांगली वाढ देतो. गुरुवारी कमिटी बसली आणि कलम सोडावे असे ठरले. आम्हीच ते ठरविले, ही गोष्ट लपवून काय होणार? खजिनदार त्या बैठकीत एक शब्द बोलले नाहीत. बुधवारी सह्या व्हायच्या होत्या.

सोमवारी संध्याकाळी काका कचेरीत आले आणि वही आमच्यापुढे ठेवली. डाव्या पानावर लिहिले होते, की गुरुवारी सभेत गप्प बसलो. त्या आठवड्याचा शास्त्रभाग मत्तयाच्या शुभवर्तमानातला विसावा अध्याय, द्राक्षमळ्यातील मजुरांचा दृष्टांत. सकाळपासून राबलेल्याला आणि संध्याकाळी पाचला आलेल्याला मालक सारखाच एक दिनार देतो, अशी ती गोष्ट. काकांनी खाली प्रथम तक्रारच नोंदविली होती, की हा मालक चुकला, मग ज्येष्ठतेचे काय? आणि त्याखाली दुसऱ्या शाईत लिहिले होते, की ते लोक दिवसभर आळसाने उभे नव्हते, त्यांना कोणी कामावर घेतले नव्हते. उजव्या पानावर तीन कंत्राटी मुलांची नावे, आणि पुढे: सोमवार, चिटणिसाला भेटणे.

आम्ही चिडलो. "काका, तुमचं शास्त्र तुमच्या घरी. कमिटीत ते आणू नका," असे आम्ही म्हणालो.

"शास्त्र नाही आणलं बाबा. मी गप्प बसलो, ते आणलंय. येत्या रविवारी मला हेच पान आधी वाचायचंय," ते म्हणाले. मग त्यांनी दोन आठवडे मागचे पान उलटून दाखविले. तेथे एकच ओळ होती. चिटणिसाने गेटवर शब्द दिला, तो त्याच्याकडून पुरा होवो अशी प्रार्थना.

श्रोतेहो, आमच्याविरुद्ध हँडबिले निघालेली आहेत, आमच्या नावाने घोषणा झालेल्या आहेत. पण आमच्यासाठी कोणी प्रार्थना केली होती आणि आम्ही तिला खोटे पाडले होते, हा अनुभव नवा होता.

मंगळवारी कमिटी पुन्हा बसली. आवाज चढले, आणि अगदी थोड्या मतांनी कलम परत घालण्याचे ठरले. करार सहा आठवडे लांबला. कायम कामगारांची वाढ कमी झाली. कंत्राटी कामगारांपैकी जुने होते ते टप्प्याटप्प्याने कायम झाले, बाकीच्यांना बूट, कँटीन आणि बोनस एवढेच मिळाले. सर्वांना न्याय मिळाला असे आम्ही म्हणू शकत नाही. पुढच्या निवडणुकीत लोकांनी काकांना पाडले. त्या रविवारी काय लिहिले म्हणून आम्ही विचारले. ते म्हणाले, "मनात कडवटपणा राहू नये म्हणून प्रार्थना. आणि शुक्रवारी नव्या खजिनदाराला हिशेब समजावून देणे."

या वहीत बळ कशाचे होते, याचा आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. पहिले बळ मागच्या पानाचे. संकल्प सगळेच करतात, मोडलेला संकल्प पुन्हा वाचण्याची शिस्त थोड्यांना असते. दुसरे बळ शास्त्रभागाचे. काकांनी आपल्याला सोयीचे वचन निवडले नव्हते, क्रमाने वाचताना जे आले ते घेतले होते, आणि ते त्यांच्या मताविरुद्ध गेले. जे वाचन आपल्याला कधीच अडवीत नाही ते मनन नव्हे. तिसरे बळ नावाचे आणि वाराचे. गरिबांचे भले होवो, ही प्रार्थना सोपी आहे. तीन मुलांची नावे घेतली आणि सोमवार लिहिला, की मनुष्याला उठून जावे लागते.

धोकेही आहेत. अशी वही स्वतःच्याच मनाला कुरवाळण्याचे साधन होऊ शकते. आज किती व्याकूळ झालो, किती डोळे भरून आले, हे लिहिण्यात गोडी असते आणि त्यात कोणाचेच काम होत नाही. दुसरा धोका प्रदर्शनाचा. जॉन्सनने १७८४ साली मरणापूर्वी आपले पुष्कळ कागद जाळून टाकले. काकांनीही आम्हांला वही दाखविली ती त्या एका संध्याकाळी, आणि तीही आपली चूक दाखविण्यासाठी.

तेव्हापासून आम्हीही वही ठेवतो. पाने तशीच दोन, वार रविवारच. शास्त्रभागाच्या जागी आम्ही तुकोबांची गाथा क्रमाने वाचतो. प्रार्थना मात्र आम्हांला जमत नाही, नावे तेवढी लिहितो. काही वर्षांनी हे आम्ही काकांना भीतभीत सांगितले. देवाशिवाय ही वही चालेल काय, असा आमचा प्रश्न होता.

काका म्हणाले, "वही बरी आहे. पण तू ती कोणापुढे उघडतोस?"

"स्वतःपुढेच," आम्ही म्हणालो.

"मग तू स्वतःला लवकर माफ करशील."

ख्रिस्ती माणसाला ही वही म्हणजे केवळ कामाची यादी नसते. ती कोणाच्या तरी पुढे उघडलेली असते, आणि क्षमा करणे हे लिहिणाऱ्याच्या हाती नसते. ही गोष्ट काढून घेतली तर बाकी उरते ती चांगली सवय, पण ती वही नव्हे, हे आम्हांला प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. आमच्यापुरती आम्ही तोड काढली आहे. महिन्यातून एकदा आमच्या सध्याच्या खजिनदारीणबाई, ज्या त्या सत्तर कंत्राटी कामगारांपैकीच एक होत्या, आमचे डावे पान वाचतात. त्या फारशी क्षमा करीत नाहीत.

आज शनिवार आहे. आपल्यापैकी ज्यांना देव आहे त्यांनी उद्या त्याच्यापुढे एक पान उघडावे, ज्यांना नाही त्यांनी एखादा कडक माणूस शोधावा.