गुणांचे चीज आणि परखड मैत्री

अंगी गुण आहेत, पण ते कामी लागण्याआधीच वय निघून जाईल, ही भीती सर्वांना सारखी छळत नाही. ज्याच्याकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवलेली नसते, तो तिच्यापासून बराचसा मोकळा असतो. शाळेत पहिला येणारा, ज्याच्या अभिनंदनाचा फलक गावाने चौकात लावला, असा मुलगा मात्र तिच्या तावडीत सापडतो. त्याच्यापुढे वाटा अधिक असतात आणि चुकण्याची ठिकाणेही तितकीच अधिक.

ही भीती तीन रूपांत दिसते. पहिले रूप म्हणजे कुवतीपेक्षा लहान कामात अडकून पडण्याची धास्ती. दुसऱ्या रूपात माणूस निवड चुकेल म्हणून निवडच पुढे ढकलत राहतो. गुण शाबूत राहतात आणि वर्षे खर्ची पडतात. तिसरे रूप निवड झाल्यानंतरचे असते: दुसरा रस्ता धरला असता तर अधिक काही घडले असते, ही रुखरुख. तिन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच असतो. आपली कुवत नेमकी कशात आहे आणि किती आहे?

या प्रश्नाचे उत्तर एकट्याने काढणे कठीण जाते. स्वतःविषयीचा अंदाज दिवस बदलला की बदलतो. कधी फाजील आत्मविश्वास, तर कधी पूर्ण निराशा. घरच्या माणसांची माया खरी असली तरी तिच्यात घराची गरज मिसळलेली असते, आणि ते स्वाभाविकही आहे. शिक्षकाला विद्यार्थ्याची बुद्धी कळते, पण त्याचा आळस, हट्ट आणि चिकाटी वर्गात पुरती दिसत नाही. राहतो तो बरोबरीचा मित्र. ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगासाठी केलेली, सुखासाठी केलेली आणि एकमेकांच्या चांगुलपणावर उभी असलेली. पहिल्या दोन प्रकारांत खरे बोलणे परवडत नाही, कारण उपयोग किंवा सुख संपले की मैत्रीही संपते. तिसऱ्या प्रकारातच ते शक्य होते. तेथेही मित्राने आपले काम जवळून पाहिलेले असावे, सल्ला देण्यात त्याचा स्वार्थ नसावा आणि आपलेही तितक्याच परखडपणे ऐकून घेण्याची त्याची तयारी असावी, एवढ्या अटी आहेतच.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात या विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक यांचे आहे. दोघे एकाच वर्षी, १८५६ च्या जुलैत, नऊ दिवसांच्या अंतराने जन्मले. आगरकर १४ तारखेला कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी, टिळक २३ तारखेला रत्नागिरीत. परिस्थिती मात्र सारखी नव्हती. टिळकांचे वडील शिक्षण खात्यात होते. ते १८७२ मध्ये वारले, तरी मुलाच्या शिक्षणाची सोय झालेली होती. आगरकरांचे शिक्षण कऱ्हाड, रत्नागिरी आणि अकोला असे नातलगांच्या आणि शिक्षकांच्या आधाराने, मिळेल ते काम करीत झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दोघांची गाठ पडली. टिळक गणित घेऊन बी.ए. झाले होते आणि कायद्याचा अभ्यास करीत होते, आगरकर एम.ए.च्या तयारीत होते.

त्या काळी पदवीधर थोडे होते आणि सरकारी नोकरीची दारे त्यांना सताड उघडी होती. मामलेदारी, मुन्सफी किंवा शिक्षण खात्यातली वरची जागा ही हुशार मुलाच्या आयुष्याची सरळ रेघ मानली जाई. आईवडिलांच्या दृष्टीने ती नाकारणे म्हणजेच गुण मातीत घालणे. या दोघांना नेमके उलटे वाटत होते. आपली बुद्धी सरकारी दप्तरात खपली तर ती फुकट गेली, असे त्यांचे मत बनत चालले होते. १८७९ च्या सुमारास डेक्कन कॉलेजच्या वसतिगृहात त्यांनी यावर खल केला आणि लोकशिक्षणाला वाहून घेण्याचे ठरवले. आगरकरांनी आईला पत्र लिहून आधीच कल्पना दिली: मुलगा मोठ्या पगाराच्या जागेवर चढेल ही आशा तिने धरू नये, तो पोटापुरते मिळवून उरलेला वेळ दुसऱ्यांच्या हितासाठी घालवणार आहे. गरिबीतून वर आलेल्या मुलाने हे लिहिणे सोपे नव्हते.

या निर्णयात मैत्रीने काय केले, हे पाहण्यासारखे आहे. एकट्या तरुणाने असा बेत केला असता तर तो विक्षिप्तपणा ठरला असता आणि त्याला स्वतःलाही तसेच वाटण्याचा संभव होता. दोघांनी मिळून तो तपासला, त्यातले धोके एकमेकांपुढे मांडले आणि मगच पाऊल उचलले. सरकारी नोकरी सोडून आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर शाळा काढण्याच्या विचारात होतेच. १८८० च्या आरंभी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. एम.ए. झाल्यावर आगरकरही तेथे आले. १८८१ च्या जानेवारीत इंग्रजी ‘मराठा’ आणि मराठी ‘केसरी’ निघाले. ‘केसरी’चे संपादन आगरकरांकडे आले.

पहिली कसोटी लवकरच लागली. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध छापलेला मजकूर ज्या पत्रांच्या आधारे लिहिला होता, ती पत्रे बनावट निघाली. माफी मागूनही जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. खटल्याच्या वेळी जामिनासाठी दहा हजार रुपयांची सोय महात्मा जोतीराव फुले यांच्या खटपटीने रामशेठ उरवणे यांनी केली. फुले आणि ‘केसरी’कार यांच्या विचारांत मोठे अंतर होते, तरी ही मदत झाली. शिक्षेत सूट मिळून दोघे २६ ऑक्टोबरला सुटले. मुंबईच्या डोंगरी तुरुंगातल्या त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले, आणि ‘हॅम्लेट’चे त्यांनी केलेले रूपांतर ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. तुरुंगातला काळ दोघांनीही वाया जाऊ दिला नाही.

१८८४ च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज उघडले. येथून पुढे मतभेद वाढत गेले. आगरकरांच्या मते समाजाच्या अंतर्गत रोगांवर, म्हणजे बालविवाह, विधवांचे हाल आणि शास्त्राच्या नावाखाली चाललेला अन्याय यांवर, घाव घातल्याशिवाय राजकीय प्रगतीला अर्थ नव्हता. टिळकांना समाजात फूट पाडणारे वाद लांबणीवर टाकून परकीय सत्तेविरुद्ध लोकांना एकत्र आणणे अधिक निकडीचे वाटत होते. आगरकर १८८७ मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्याच्या इंग्रजी भागाची जबाबदारी गोपाळ कृष्ण गोखले यांनी घेतली.

संस्थेच्या आत वाद वेगळ्या गोष्टीवर होता, आणि तो या विषयाच्या अधिक जवळचा आहे. आजीव सदस्याने आपला किती वेळ संस्थेला द्यावा, पगारवाढ मागावी का, बाहेरची कामे घ्यावीत का? टिळकांचे म्हणणे होते की जेसुइट मिशनऱ्यांप्रमाणे सदस्याने सर्व शक्ती एकाच कामात ओतावी. आगरकरांची बाजू संसाराच्या गरजा ओळखणारी होती, आणि शिक्षकाला इतर सार्वजनिक कामाचीही मुभा असावी असे ते मानत. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतल्यावर वाद टोकाला गेला. टिळकांनी १८९० च्या अखेरीस सविस्तर पत्र लिहून राजीनामा दिला. ज्या संस्थेसाठी दोघांनी नोकऱ्या नाकारल्या, तीच दोघांपैकी एकाला सोडावी लागली.

१८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकावर दोघे उघडपणे समोरासमोर उभे राहिले. लग्नसंबंधाच्या वयात सरकारने कायद्याने हात घालू नये, ही टिळकांची भूमिका. अन्याय थांबवायला कायदा हवाच, ही आगरकरांची. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांतली भाषा पुष्कळदा मर्यादा सोडून गेली. परखडपणा आणि कटुता यांतली रेघ दोघांनीही ओलांडली. या मैत्रीची गोष्ट सांगताना हा भाग गाळला जातो, पण तो गाळू नये. खरे बोलणाऱ्या मित्रांचे शेवटी एकमत होतेच, ही समजूत या उदाहरणात टिकत नाही.

तरीही ती मैत्री व्यर्थ गेली असे म्हणता येत नाही. वेगळे झाल्यावर दोघांचेही काम अधिक धारदार झाले. टिळकांनी कायद्याचे वर्ग चालवून चरितार्थ सांभाळला, ‘केसरी’ पूर्णपणे आपल्याकडे घेतला आणि राजकारणाला वाहून घेतले. आगरकर १८९२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि ‘सुधारक’मधून निबंध लिहीत राहिले. एकत्र राहून एकमेकांना मुरड घालत बसले असते, तर दोघांचीही अर्धी शक्ती तडजोडीत गेली असती. डेक्कन कॉलेजात त्यांनी एकमेकांना विचारलेला प्रश्न ‘आपली शक्ती कोठे लागावी?’ हा होता. त्याचे प्रामाणिक उत्तर पहिल्या दहा वर्षांत ‘एकत्र’ असे होते आणि नंतर ‘वेगवेगळे’ असे झाले.

या निवडीची किंमत मोठी होती. आगरकरांना दम्याने ग्रासले होते. १७ जून १८९५ रोजी ते वारले तेव्हा वयाची ३९ वर्षेही पुरी झालेली नव्हती. मागे पत्नी यशोदाबाई आणि मुले राहिली. संपत्ती जवळजवळ काहीच नव्हती. ध्येयनिष्ठेच्या कथांत घरातल्या बाईने सोसलेले कष्ट हिशेबात धरले जात नाहीत. आपले गुण कारणी लावताना ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, हाही प्रश्न परखड मित्राने विचारायला हवा असतो. टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला. मृत्यूपुढे मतभेद लहान वाटतात हे त्यांनी मान्य केले आणि आगरकरांची योग्यता मोकळ्या मनाने सांगितली.

‘आपली शक्ती कोठे लागावी?’ या प्रश्नाचे आजचे रूप बारामती आणि इंदापूर तालुक्यांत निराळे दिसते. नीरा डाव्या कालव्याने या भागात ऊस आणला. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या सहकारी साखर कारखान्यांनी त्या उसाला भाव आणि गावांना पैसा दिला. पणदऱ्यासारख्या गावातून शिकणाऱ्या मुलामुलींची संख्या त्यानंतरच्या पिढ्यांत वाढत गेली. ज्या सरकारी नोकरीला आगरकर-टिळकांनी नकार दिला, तीच आता हुशारीची शिक्कामोर्तब झालेली खूण बनली आहे. मुले पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत अभ्यासिकांतून वर्षानुवर्षे बसतात. राज्यसेवेच्या परीक्षेला खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ ही वयाची मर्यादा आहे. आगरकरांचे सारे आयुष्य, शाळा, वृत्तपत्र, तुरुंग, महाविद्यालय आणि ‘सुधारक’ धरून, यांपैकी पहिल्या मर्यादेपाशीच संपले.

ही तुलना परीक्षा देणाऱ्यांना कमी लेखण्यासाठी नाही. काळ वेगळा आहे. तेव्हा पदवीधर थोडे आणि जागा पुरेशा होत्या, आज जागा थोड्या आणि पदवीधर अमाप. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला अधिकाऱ्याची खुर्ची मिळणे, याला त्या काळच्या मामलेदारीपेक्षा वेगळा सामाजिक अर्थ आहे. तेव्हा नोकरीचा मोह सोडणे हे धैर्य होते. आज काहींच्या बाबतीत नोकरीपर्यंत पोहोचणे हेच धैर्य आहे. प्रश्न फक्त वर्षांचा उरतो. दोन-तीन प्रयत्न फसल्यावर पुढचा प्रयत्न कुवतीच्या भरवशावर चालला आहे की गावात काय तोंड दाखवायचे या धास्तीवर, हे तपासावे लागते.

येथे अभ्यासिकेतल्या मैत्रीची परीक्षा होते. शेजारच्या टेबलावर बसणारा मित्र आपले काम खरोखर पाहत असतो: कोणता विषय टाळला जातो, चाचणीत किती गुण पडतात, चहाच्या टपरीवर किती वेळ जातो. ‘यंदा होणारच’ असे म्हणणे त्याला सोपे असते आणि ऐकणाऱ्याला गोड लागते. ‘पूर्वपरीक्षा सुटते, पण मुख्य परीक्षेचे लेखन दोन वर्षांत सुधारलेले नाही’ असे सांगणे अवघड असते. ते सांगण्याचे काही नियम आहेत. बोलणे माणसावर न घसरता कामावर असावे. ते चारचौघांत नसावे. दोष सांगताना पुढची वाट दिसत असेल तर तीही दाखवावी. आणि मित्राने सल्ला मानला नाही तरी संबंध तोडू नये, कारण आयुष्य त्याचे आहे. याउलट, ज्याला स्वतःविषयी एक शब्द ऐकवत नाही, त्याने दुसऱ्याला परखडपणे बोलण्याचा हक्क सांगू नये.

मित्राचा सल्ला चुकूही शकतो. टिळक आणि आगरकर दोघेही एकमेकांविषयी काही बाबतींत चुकले. म्हणून एकाच मित्राच्या मतावर सर्व भार टाकणे बरे नाही. निर्णय शेवटी ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो. परखड मैत्रीचा उपयोग निर्णय सोपा करण्यात नसून तो डोळे उघडे ठेवून घेण्यात आहे. गुणांचे चीज झाले की नाही, हे पगाराच्या आकड्यावरून किंवा नावापुढच्या पदावरून पुरते कळत नाही. ज्या कामाची निवड समजून-उमजून केली, त्यात शक्ती लागली की नाही आणि त्या कामाचा इतरांना काही उपयोग झाला की नाही, या दोन कसोट्यांवर ते ठरते. परीक्षेत यश मिळालेल्यालाही त्या चुकत नाहीत, आणि पुण्याहून परतून उसाची शेती, दूधधंदा किंवा गावातली शाळा हाती घेतलेल्यालाही त्या तितक्याच लागू पडतात.