इमारतीची तपासणी : आपण काय अपेक्षा ठेवावी?



आपल्यापैकी अनेकांचे आईवडील चाळीतल्या एका खोलीतून सोसायटीच्या फ्लॅटमध्ये आले. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी हप्ते फेडले. त्या घरांना आता तीस-पस्तीस वर्षे झाली. म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, या विषयावर आज चार शब्द बोलणार आहोत.

आमच्या इमारतीत तपासणीचे नाव निघाले तेव्हा सर्वांच्या पोटात गोळा आला. घर खाली करावे लागेल या धास्तीने आम्ही घाईघाईने रंग दिला, ओल आलेल्या भिंतींपुढे कपाटे सरकवली. इंजिनिअर आले, पाहून गेले. पुढच्याच पावसाळ्यात अशा एका कपाटावरच्या छताचे सिमेंट कोसळले. तिथे एक मुलगा रोज अभ्यासाला बसे. सुदैवाने त्या वेळी तो शाळेत होता. आम्ही इंजिनिअरला नव्हे, स्वतःलाच फसवले होते.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांतून एकदा तपासणी व्हावयास हवी.

तपासणीत काय होते? इंजिनिअर प्रथम मूळ नकाशा मागतात. मग गच्ची, पाण्याची टाकी, जिना, तळमजल्याचे खांब आणि प्रत्येक घर पाहतात. हातोडीने ठोकून आवाज ऐकतात. बद्द आवाज आला तर प्लास्टर सुटलेले असते. सळईच्या रेषेत गेलेली भेग ते बारकाईने पाहतात, कारण गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. त्यानंतर यंत्रांची पाळी. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा टणकपणा कळतो, अल्ट्रासोनिक यंत्राने आतली पोकळी. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडतात. ते गुलाबी झाले तर सळईला गंजापासून राखणारा अल्कधर्म तिथे शिल्लक आहे. रंग आला नाही तर ते संरक्षण संपत आले आहे. गरज पडल्यास काँक्रीटचा गोल तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवतात.

परंतु तपासणी म्हणजे हमीपत्र नव्हे. कुलूपबंद घर, फॉल्स सीलिंग, टाइल्सच्या मागची भिंत दिसत नाही. म्हणून अहवाल हाती आला की विचारावे : कोणती घरे पाहिली नाहीत? चाचण्या कोणत्या खांबांवर घेतल्या? फोटो कुठे आहेत? कोणती दुरुस्ती आधी करायची? अर्ध्या तासात फेरी मारून दोन पानी दाखला देणारा स्वस्तातला माणूस शेवटी महागात पडतो.

मुंबईत अहवालाअंती इमारतीला वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, खाली करून पाडावयाची. सी-२ए म्हणजे खाली करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असताना करता येणारी दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. म्हणजे तपासणी झाली की घर गेलेच, असे मुळीच नाही. वेळेवर सापडलेला दोष बहुधा दुरुस्तीवर निभावतो.

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ माणसे गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत खांबांना धक्का लागल्याचा आरोप झाला. एका घरातली तोडफोड साऱ्या इमारतीवर येते, हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा इंजिनिअर दारात आले की कपाट बाजूला सरकवा, गळती दाखवा, कधी काळी पाडलेली भिंत सांगा. डॉक्टरपुढे दुखणे लपवून औषध मिळत नाही. विद्यार्थी मित्रांनो, घरातील वडीलधारी संकोचत असतील तर तुम्ही पुढे व्हा आणि आपल्या घराची खरी अवस्था दाखवा. आईवडिलांनी कष्टाने उभे केलेले घर सांभाळणे आता तुमच्या-आमच्या हाती आहे.