हौशी रेडिओ केंद्र : गावातून आणि दुरून
(व्याख्यानाचा मजकूर)

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे त्याखाली गाडली गेली. ही वार्ता बाहेरच्या जगाला प्रथम कळली ती राज्य परिवहनाच्या एका बसचालकामुळे. नेहमीच्या रस्त्याने तो आला आणि जिथे गाव असावयास हवे तिथे त्याला चिखलाचा ढिगारा दिसला. गावात बिनतारी यंत्र असते तर ती माणसे वाचली असती, असा दावा करणे योग्य होणार नाही. परंतु ज्या गावांपर्यंत बातमीसुद्धा एस.टी.च्या वेळापत्रकानेच जाते-येते, अशी गावे सह्याद्रीच्या कुशीत आजही आहेत, आणि तेथे संदेशवहनाचा दुसरा मार्ग असावा की नाही, हा प्रश्न पंचायतींनी व शिक्षकांनी विचारात घेण्याजोगा आहे.

असा एक मार्ग म्हणजे हौशी रेडिओ, ज्याला सर्वसाधारणपणे ‘हॅम रेडिओ’ म्हणतात. हा व्यवसाय नव्हे. त्यावरून गाणी वाजविता येत नाहीत, व्यापारी निरोप देता येत नाहीत आणि सांकेतिक भाषेत गुप्त बोलताही येत नाही. आपले माजी पंतप्रधान राजीव गांधी हे परवानाधारक हॅम होते. पण या छंदाचे मोल कळते ते संकटात. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आणि २००१ च्या कच्छमधील भूकंपानंतर हौशी रेडिओचालक आपले संच घेऊन आपद्‌ग्रस्त भागात गेले. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद या अंदमानात एका छंदमोहिमेवर होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, नेहमीची साधने कोलमडली आणि छंदासाठी नेलेला संच बेटांवरील लोकांचे क्षेमकुशल मुख्य भूमीला कळविण्याच्या कामी आला.

केंद्राच्या उभारणीचा आरंभ यंत्राने नव्हे, परवान्याने होतो. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा परीक्षा घेते. प्राथमिक रेडिओशास्त्र व नियम हे परीक्षेचे विषय. वरच्या श्रेणीसाठी मोर्स संकेतही यावे लागतात. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थीही परीक्षेस बसू शकतो, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावी. कोणत्या लहरी व किती शक्ती वापरावयाची हे परवान्याच्या श्रेणीवर ठरते. बाजारात हाती धरावयाचे स्वस्त संच मिळतात म्हणून पंचायतीने ते आधी खरेदी करावेत आणि परवान्याचे मागाहून पाहावे, हा क्रम अयोग्य आणि बेकायदेशीरही आहे.

आता कोणती लहर निवडावी? १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या लहरी साधारणतः दृष्टीच्या रेषेत जातात. त्यांचा एरियल अर्ध्या मीटरचा असला तरी चालतो. सपाट प्रदेशात त्या उत्तम, पण मध्ये घाट आला की पाच वॉटचा हातसंच मुका होतो. डोंगरमाथ्यावर एका लहरीवर ऐकून दुसरीवर तेच पुन्हा बोलणारे ‘रिपीटर’ यंत्र असेल, तरच घाटाच्या दोन्ही बाजू जोडल्या जातात. खेडेगावासाठी ७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा अधिक भरवशाचा. तांब्याच्या तारेचे दहा-दहा मीटरचे दोन तुकडे, मध्ये इन्सुलेटर, तेथून खाली येणारी कोॲक्सिअल केबल आणि शाळेचे छप्पर व आवारातील एखादे झाड यांना बांधलेली नायलॉनची दोरी, एवढ्यावर एरियल तयार होतो. तो फार उंच नेण्याची गरज नाही. सहा-सात मीटर उंचीवरील तारेतून निघालेली लहर बव्हंशी सरळ वर जाते आणि वातावरणाच्या विद्युत्‌भारित थरावरून कारंजाच्या पाण्यासारखी चहूकडे खाली येते. म्हणूनच डोंगराआडचे जिल्हा मुख्यालयही दिवसा तिच्या टप्प्यात असते. रात्री तो थर विरळ झाला की जवळचे बोलणे तुटते. त्या वेळी ३.५ मेगाहर्ट्‌झकडे वळावे लागते. त्याची तार मात्र दुप्पट, म्हणजे सुमारे चाळीस मीटर लांब लागते.

शंभर वॉटचा संच प्रक्षेपणाच्या वेळी १३.८ व्होल्टवर वीस अँपिअरपर्यंत प्रवाह खेचतो, ऐकताना मात्र साधारण एक अँपिअर. १०० अँपिअर-अवरची बॅटरी आणि ती भरणारे सौर तावदान असेल, तर वीज गेली तरी केंद्र कित्येक तास बोलके राहते. एरियल विजेच्या तारांखाली किंवा जवळ कदापि उभारू नये. जमिनीत कोळसा-मीठ घालून पुरलेल्या पत्र्याशी भूसंपर्क जोडावा आणि वळवाचे ढग दिसू लागताच केबल संचापासून काढून दूर ठेवावी. हे काम कोणाचे, ते नावानिशी ठरलेले असावे.

दुरून चालविण्याचा प्रकार अलीकडे सुलभ झाला आहे. गावात एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि चार्जर यांच्या खरखरीत दूरचा क्षीण आवाज बुडून जातो. म्हणून संच माळावरील एखाद्या खोलीत ठेवून, संगणक व इंटरनेटच्या साहाय्याने तो तालुक्याच्या गावातून चालविता येतो. लहर बदलणे, बोलणे, ऐकणे सर्व काही दुरून. याला काही बंधने मात्र हवीत. जोडणी तुटताच संच आपोआप प्रक्षेपण थांबवून ऐकण्याच्या स्थितीत गेला पाहिजे. एकसारखे तीन मिनिटांहून अधिक प्रक्षेपण होऊ नये म्हणून कालमापक हवा. परका मनुष्य शिरू नये म्हणून संकेतशब्द हवा. दाराशी ‘स्थानिक’ व ‘दूर’ असा बदलखटका असावा. तो ‘स्थानिक’ केला की दुरून कोणालाही प्रक्षेपण करता येऊ नये. अन्यथा एरियलची दुरुस्ती करणारा शिडीवर आणि बोलणारा तालुक्यात, असा प्रसंग ओढवेल. परवान्यावर केंद्राचे ठिकाण नमूद असते, तेव्हा अशी योजना आखण्यापूर्वी दूरसंचार विभागाकडून लेखी खुलासा घेणे श्रेयस्कर.

या सोयीतला खरा धोका निराळाच आहे. ज्या दिवशी हे केंद्र सर्वांत अधिक लागणार, त्याच दिवशी इंटरनेट बंद पडण्याचा संभव सर्वांत जास्त. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईसारख्या महानगरातील भ्रमणध्वनी मुके झाले होते, तर डोंगरातील एका मनोऱ्याचा भरवसा किती धरावा? म्हणून दूरचालन ही नित्याच्या सरावाची सोय समजावी आणि यंत्रापाशी प्रत्यक्ष बसून ते चालवू शकणारे दोन परवानाधारक तरी गावातच असावेत. एक शिक्षक आणि एक गावातील तरुण, ही जोडी बरी. शिक्षकांची बदली होते, तरुण नोकरीसाठी शहरात जातो. दोघे एकाच वर्षी गेले तर केंद्र कपाटात जाते, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे असते हे सरकारी कार्यालयांचा अनुभव असलेल्यांना सांगावयास नको.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, शेजारच्या केंद्रांशी संपर्क साधून त्याची नोंद वहीत करावी. सरावातील संदेशही कोठून, कोणासाठी, किती वाजता व किती माणसांविषयी, अशा क्रमाने लिहून मगच वाचावेत. नेहमीची साधने बंद पडली असता जिल्हाधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून इतरांचे संदेश पोहोचविण्याची मुभा हौशी केंद्रांना नियमांनी दिलेली आहे. तेव्हा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाच्या यादीत आपल्या केंद्राचे सांकेतिक नाव, लहर व बोलण्याची वेळ नोंदविलेली आहे किंवा नाही, याची खात्री पावसाळ्यापूर्वीच, मे महिन्यात करून घ्यावी.