कच्चा टाका, पक्का टाका : रक्ताच्या तेराव्या घटकाची ओळख



सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी रोगाचा विषय कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु मोलगी हे सातपुड्याच्या कुशीतील गाव. येथून अक्कलकुव्याला उतरायचे तरी घाट ओलांडावा लागतो. अशा ठिकाणी रोगाची वेळेवर झालेली ओळख हेच पहिले औषध ठरते. सिकलसेलचे नाव या परिसरात आता परिचयाचे झाले आहे. रक्ताचाच, पण त्याहून कितीतरी विरळ असा दुसरा एक विकार म्हणजे 'फॅक्टर तेरा'ची जन्मजात कमतरता. सुमारे २० लाखांत एखाद्यास तो होतो. इतक्या विरळ विकाराची चर्चा करण्याचे कारण एकच : त्यात नेहमीच्या तपासण्यांचे अहवाल 'नॉर्मल' येतात आणि त्या एका शब्दावर विसंबून बालकाचा जीव धोक्यात येतो.

जखम झाली की रक्त थांबते, ही निसर्गाची मोठी किमया आहे. रक्तात गोठण्यास साहाय्य करणारे अनेक घटक असतात व त्यांना रोमन अंकांनी ओळखले जाते. एकाने दुसऱ्यास जागे करावे, दुसऱ्याने तिसऱ्यास, असे करीत शेवटी फायब्रिन नावाचे धागे तयार होतात. या धाग्यांचे जाळे म्हणजेच रक्ताची गुठळी. परंतु हे जाळे प्रथम कच्च्या टाक्याने जोडलेले असते. त्यावर पक्का टाका घालण्याचे काम तेरावा घटक करतो. तो नसेल तर गुठळी होते, रक्त थांबल्यासारखे दिसते आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, टाके उसवून पुन्हा रक्तस्राव सुरू होतो. कच्च्या टाक्याचे वस्त्र दुकानात शोभते, अंगावर टिकत नाही. तसाच हा प्रकार.

या घटकाचे कार्य १९४८ साली लाकी व लोरांद या मूळच्या हंगेरीच्या शास्त्रज्ञांनी दाखविले. त्याच्या अभावामुळे होणारा विकार १९६० साली स्वित्झर्लंडमधील एका बालकात डुकर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम वर्णिला.

याची पहिली खूण बहुधा पाळण्यातच दिसते. नाळ पडताना किंवा पडल्यावर बेंबीतून रक्त झिरपत राहते. तीव्र कमतरता असलेल्या सुमारे ८० टक्के बालकांत हे आढळते. पुढे किरकोळ मार लागला तरी मोठी सूज येते, जखमा लवकर भरत नाहीत. सर्वांत भयंकर म्हणजे मेंदूतील रक्तस्राव. इलाज न झालेल्या शंभरांपैकी तीसेक रुग्णांवर तो प्रसंग ओढवतो. स्त्रियांमध्ये वारंवार गर्भपात होतात. ज्या सुनेस घरोघरी दूषण मिळते, तिच्या रक्तात केवळ एक घटक उणा असू शकतो, हे किती जणांना ठाऊक असते?

आता निदानाविषयी. बेंबीतून रक्त येणाऱ्या बालकास जन्मतः द्यावयाचे 'के' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मिळाले होते की नाही, हे डॉक्टर प्रथम पाहतात. मग प्लेटलेट मोजतात, पीटी व एपीटीटी या चाचण्या करतात. या दोन्ही चाचण्या गुठळी 'केव्हा' होते ते सांगतात. ती 'टिकते का' हे सांगत नाहीत. म्हणून तेराव्या घटकाच्या रुग्णात त्या निर्दोष येतात. अशा वेळी पुढची चाचणी मागावी लागते. रुग्णाच्या रक्तद्रवाची गुठळी करून ती युरियाच्या तीव्र द्रावणात ठेवतात. निरोगी माणसाची गुठळी २४ तासांनंतरही तशीच राहते. या रुग्णाची विरघळून जाते. शेतात जो युरिया पडतो, त्याच पदार्थाची ही शुद्ध आवृत्ती. चाचणी साधी आहे, मात्र ती तीव्र कमतरताच पकडते. नेमके प्रमाण मोजण्यास विशेष प्रयोगशाळा लागते. एक दक्षता महत्त्वाची : नमुना रक्त किंवा प्लाझ्मा देण्यापूर्वीच घ्यावा. दात्याचा तेरावा घटक शरीरात गेल्यावर खरे चित्र झाकले जाते.

अशा विशेष तपासण्यांसाठी महाराष्ट्राला दूर जावे लागत नाही. मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. डॉ. कांजाक्ष घोष, डॉ. श्रीमती शेट्टी आदी संशोधकांनी तेथे भारतातील विरळ रक्तस्रावी विकारांवर मोठे कार्य केले आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या हिमोफिलिया फेडरेशनच्या शाखाही मुंबई, पुणे, नाशिक येथे रुग्णांना मार्गदर्शन करतात.

निदान कठीण, पण उपचार आशादायक, हे या विकाराचे वैशिष्ट्य. हिमोफिलियाच्या रुग्णास आठवड्यातून अनेकदा घटक द्यावा लागू शकतो, कारण तो शरीरात काही तासांतच निम्मा होतो. तेरावा घटक मात्र निम्मा होण्यास नऊ ते चौदा दिवस लागतात, आणि रक्तस्राव टाळण्यास त्याचे अल्प प्रमाणही बहुधा पुरते. त्यामुळे साधारण महिन्यातून एकदा त्याची मात्रा दिली तर बालक शाळेत जाऊ शकते, खेळू शकते. शुद्ध घटक उपलब्ध नसेल तर क्रायोप्रेसिपिटेट देता येते. गोठविलेला प्लाझ्मा थंडाव्यातच हळूहळू वितळवून मिळणारा हा साका १९६५ च्या सुमारास अमेरिकेतील डॉ. ज्युडिथ पूल यांनी उपयोगात आणला. रक्तघटक वेगळे करणाऱ्या रक्तपेढीत तो तयार होतो. गर्भवतीस नियमित उपचार मिळाले तर तिची कूसही उजवते. अशा रुग्णास ॲस्पिरिनसारखी औषधे देऊ नयेत, स्नायूत इंजेक्शन टाळावे आणि डोक्याला मार लागल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

हा विकार आनुवंशिक आहे. आईवडील दोघेही निरोगी दिसतात. परंतु दोघांकडेही सदोष जनुकाची एकेक प्रत असेल तर प्रत्येक अपत्यास विकार होण्याची शक्यता चारांत एक असते, मग तो मुलगा असो वा मुलगी. नात्यात विवाह झाल्यास ही शक्यता वाढते. यात कोणाचेही पाप नाही, दोष नाही. तरीही लग्न जमणार नाही या भीतीने रोग लपविला जातो. लपविलेल्या रोगाची किंमत पुढच्या पिढीतील अर्भक मोजते.

समाजाने तीन गोष्टी अवश्य कराव्यात. बेंबीतून रक्त येणाऱ्या बाळास हळद लावून घरी ठेवू नये, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. अहवाल नॉर्मल असूनही रक्तस्राव परत येत असेल, तर "फॅक्टर तेरा तपासला का?" हा प्रश्न डॉक्टरांना नम्रपणे विचारावा. आणि गरीब रुग्णास, तो कोणत्याही समाजाचा व पाड्यावरचा असो, मोठ्या शहराची वाट दाखवावी, प्रवासखर्च द्यावा व नियमित रक्तदान करावे. क्रायोप्रेसिपिटेट शेवटी दात्याच्या रक्तातूनच येते.

जीवदया हा आपला धर्म. मुक्या जीवासाठी पाण्याचे कुंड भरणारा समाज, पाळण्यातील जीवासाठी एक प्रश्न विचारण्यास मागे राहणार नाही, हा विश्वास आहे.

जय जिनेंद्र.