साथ ओसरते ती का?

साथ ओसरते ती का? बळी पडण्याजोगे सारे संपले म्हणून, की रोगबीजाचा जोर सरला म्हणून? १९२७ साली एडिंबरोच्या कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक या संशोधकांनी तिसरेच उत्तर दिले. मॅकेन्ड्रिक पूर्वी हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत होते. कर्मॅक यांची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात गेली होती.

त्यांनी समाजाचे तीन वर्ग कल्पिले: रोग जडू शकेल असे, रोगग्रस्त, आणि बरे होऊन वा मृत्यूने या फेऱ्यातून सुटलेले. रोग्याच्या शरीरातील संसर्गशक्ती दिवसागणिक पालटते, हेही त्यांनी हिशेबात धरले. एक रोगी सरासरी एकाहून अधिकांना रोग देतो, तोवर साथ चढते. पहिला वर्ग विरळ होत ठराविक मर्यादेखाली गेला, की ती उतरू लागते. तेव्हाही अनेक जण रोगापासून अलिप्तच असतात.

पडताळ्यासाठी त्यांनी मुंबईतील प्लेगचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील, आठवडेवार मृत्यूंचे आकडे घेतले. गणिताची वक्ररेषा त्यांच्याशी जुळली. परंतु प्लेग मुळात उंदरांचा. म्हणून हा मेळ ढोबळच मानावा, असे त्यांनीच बजावले. त्या रेषेवरील प्रत्येक बिंदूमागे शोकाकुल बिऱ्हाडे होती.

या विचाराचे फळ मोठे आहे. माणसाकडून माणसाला जडणाऱ्या रोगावर परिणामकारक लस पुरेशा लोकांनी टोचून घेतली, तर साथीची वाटच खुंटते. आणि जिला अद्याप लस देता येत नाही, ती पाळण्यातील पोरही सुखरूप राहते.