दृश्य आणि सूर यांचे अद्वैत



नाटकात नेपथ्य आणि संगीत यांचे संसार वेगळे नसावेत. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे याचे उत्तम उदाहरण होय. सन १९७२ मध्ये पुण्यात हे नाटक रंगभूमीवर आले. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीतकार भास्कर चंदावरकर आणि नृत्यरचनाकार कृष्णदेव मुळगुंद यांनी त्यात माणसांचीच भिंत उभी केली. तीच रांग गाई, तालावर डोले; पाठ फिरविताच भिंत होई, पुन्हा वळताच पुण्याचे ब्रह्मवृंद. गाणाराच दृश्य झाला!

म्हणून संतपूरसारख्या गावच्या तरुणांनी पडद्यांच्या भाड्यापायी उत्सवातील नाटक सोडू नये. टाळ, मृदंग आणि एका लयीत चालणारी दहा माणसे लाभली, तर रंगमंच आपोआप उभा राहतो.