रविवारचा ट्रक

कवीला बोलायला बोलावलं की तो कवितेवर बोलेल, अशी अपेक्षा असते. मी तशी टिपणंही काढली होती. पण आज मला तुमच्याशी एका ट्रकबद्दल बोलायचं आहे. लष्करातून निवृत्त झालेला ‘शक्तिमान’ ट्रक. तो आम्ही दोघा भावांनी दुरुस्त केला आणि त्याचं फिरतं घर केलं. ‘आम्ही’ म्हणतो ते आपलं बोलण्यापुरतं. काम थोरल्या भावानं केलं, मी दिवा धरला.

मी अहमदनगरचा. २०२४ पासून कागदोपत्री ते अहिल्यानगर झालं आहे. आमच्या गावाला लष्करी गाड्यांचं अप्रूप नाही. भिंगारला छावणी, चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र, १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय. लहानपणी शाळेच्या रस्त्यावर शक्तिमान ट्रकांची रांग लागली, की आम्ही मुलं कडेला उभं राहून हात हलवायचो. मागच्या हौद्यात समोरासमोर बसलेले जवान कधी हात हलवायचे, कधी नुसतेच बघायचे.

जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यानं १९५९ साली जबलपूरला हा ट्रक बनायला लागला आणि १९९६ पर्यंत बनत राहिला. डिझेल इंजिन, पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना जोर, उंच चेसिस, पुढे आलेलं लांब नाक. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत शिधा, दारूगोळा आणि माणसं यानंही वाहिली. लष्कराचं काम संपलं की अशा गाड्यांचा लिलाव होतो. कुणी त्या जंगलात लाकडं ओढायला घेतं, कुणी कापून लोखंड विकतं.

माझे थोरले भाऊ मेकॅनिक. त्यांना आम्ही भाईजान म्हणतो. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. चौदाव्या वर्षी ते गॅरेजला लागले. घरात कमावणारे अब्बा एकटे आणि त्यांची तब्येत तोळामासा. भाईजानच्या हाताला ग्रीस लागलं म्हणून माझ्या हाताला शाई लागली. मी बी.ए. झालो, कचेरीत कारकून झालो, मराठीत कविता लिहू लागलो.

२००३ मध्ये अब्बा गेले आणि घराची वाटणी निघाली. कोणाचं चुकलं, हे आज सांगण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. भाईजानना मी वकिलाची नोटीस पाठवली. वकील नावापुरता होता. नोटिशीतला मजकूर माझा होता. शब्द मी निवडले होते, एकेक वाक्य घासून धारदार केलं होतं. त्यानंतर अंगणात भिंत उभी राहिली. अम्मी सहा महिने भिंतीच्या या बाजूला आणि सहा महिने त्या बाजूला राहू लागली. आम्ही भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोललो नाही. ईदला गळाभेट व्हायची, तीही नजर चुकवून.

आमची एकुलती बहीण विजापूरला दिलेली. नगरची लेक विजापूरला, हा चांदबिबीच्या काळापासूनचा रस्ता. २००५ मध्ये बहिणीला अर्धांगवायूचा झटका आला. तिला हलवता येईना. त्याच साली अम्मी न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण अर्ध्या तासाहून जास्त वेळ बसणं तिला जमेना. मायलेकींमध्ये सव्वातीनशे किलोमीटरचं अंतर, आणि दोघी अंथरुणाला खिळलेल्या. मी रुग्णवाहिका ठरवायला निघालो, तर अम्मी म्हणाली, ‘त्या गाडीतून मी दारात उतरले तर पोरगी घाबरेल. मला पाहुणी म्हणून जायचंय.’ घरात आम्ही दखनी बोलतो, मी इथं मराठीत सांगतो आहे.

२००७ च्या फेब्रुवारीत भाईजाननी एका भंगारवाल्याकडून, लिलावातून आलेला एक शक्तिमान उचलला. लोखंडाच्या भावानं. मला शेजाऱ्याकडून कळलं. मी पैसे घेऊन त्यांच्या शेडवर गेलो. ते ट्रकखाली झोपलेले, फक्त पाय दिसत होते. मी म्हटलं, माझा वाटा. खालून आवाज आला, ‘पैसा नको. इतवार दे.’

दोन वर्षांनी ते माझ्याशी बोलले, ते एवढंच. पुढचे अकरा महिने माझे सगळे रविवार त्या ट्रकला गेले.

पहिले दोन महिने त्यांनी गाडीचं रूप बदलण्याचा विषयच काढला नाही. म्हणाले, आधी चालायला पाहिजे, मग घर. इंजिन उतरवलं. लायनर-पिस्टन तपासले, हेड घासून आणलं, गॅस्केट बदललं, पंप आणि नोझल काढून जाणकाराकडे दिले. ज्या रबरी नळ्या वरून चांगल्या दिसत होत्या, त्या वाकवल्या की आतून तडकलेल्या निघायच्या. भाईजान म्हणायचे, उभी राहिलेली गाडी चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर मरते. प्रत्येक नट काढला की तो ज्या भागाचा, त्या भागाच्या डब्यात. डब्यावर नाव लिहायचं काम माझं. बी.ए.चा तिथं तेवढाच उपयोग.

मग रंग. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम आहे. संरक्षण खात्याची नसलेली गाडी ऑलिव्ह हिरव्या रंगाची ठेवता येत नाही. दारावरचा लष्करी क्रमांक, सुरुवातीला वर तोंड केलेला बाण असलेला, तोही जायला हवा. मी पॉलिश पेपर घेऊन बसलो. हिरव्याखाली जुना हिरवा, त्याखाली वाळूसारखा मातकट, त्याखाली तांबडा रेडऑक्साइड. म्हणजे ही गाडी कधीतरी वाळवंटातही राहून आली होती. हौद्याच्या पुढच्या पत्र्यावर, बाकाच्या मागे, खिळ्यानं ओढलेल्या रेघा सापडल्या. चार उभ्या, त्यांवर एक आडवी. असे बरेच गठ्ठे. कुणीतरी दिवस मोजले होते. मी तिथंही पेपर घासायला लागलो. अम्मी बाहेर खाटेवर पडून बघत होती. म्हणाली, ‘ते राहू दे. कुणाच्या तरी घरी जायच्या दिवसांचा हिशेब आहे तो.’ तो हातभर तुकडा आजही हिरवा आहे. आतल्या बाजूला असल्यानं कुणी हरकत घेतली नाही. बाकी गाडीला अम्मीच्या पसंतीचा मोतिया रंग लागला.

परवानगीची गोष्ट वेगळीच. लष्करातून सुटलेल्या गाडीला नमुना २१ चा विक्री दाखला लागतो, त्यावर नवी नोंदणी होते. आणि गाडीच्या रचनेत बदल करायचा तर आधी परवानगी, मग करवत. भाईजान या बाबतीत कडक. कचेरीतले साहेब भले होते. नकाशा बघून त्यांनी विचारलं, ‘यातून वाहतूक कशाची करणार?’ भाईजान म्हणाले, ‘अम्मीची.’ साहेबांनी चष्मा काढून पुसला. गाडी अम्मीच्याच नावावर झाली. आयुष्यात तिच्या नावावर झालेली ती पहिली वस्तू.

आता घराचं सांगतो. हौद्यातली लाकडी बाकं काढली, मागचा फाळका काढला. चौकोनी पाइपांचा सांगाडा वेल्डिंग केला. त्याला बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवूड आणि मध्ये उन्हासाठी थर्मोकोल. मला वाटायचं, खाट कुठंही ठेवता येईल. भाईजाननी खडूनं रेघ मारली. म्हणाले, मागच्या चाकांच्या पलीकडे माणूस झोपला तर प्रत्येक खड्डा त्याच्या कमरेत जातो. खाट पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये. दोनशे लिटरची पाण्याची टाकीही तिथंच, खाली. पाणी म्हणजे दोनशे किलो वजन, ते उंच ठेवलं की वळणावर गाडी कलते. गाडीचे पाटे काही टनांच्या ओझ्यासाठी बनलेले. एका म्हातारीच्या वजनाला ते वाकणार कसे? म्हणून दोन्ही बाजूंचे काही पाटे कमी केले, तेव्हा कुठं चाल मऊ झाली. शेगडीजवळ, अगदी तळाशी, त्यांनी दोन भोकं पाडली. मी विचारलं, वर का नाही? म्हणाले, सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीवर साचतो. त्याला जायला वाट खालून हवी.

कमोड बसला, तीन पायऱ्या आणि हाताला कडी लागली. चालकाच्या केबिनमध्ये वाजणारी घंटा लागली. एकदा दाबली तर थांबा, दोनदा दाबली तर हळू चालवा. सगळं झाल्यावर अम्मीला खाटेवर झोपवलं. ती म्हणाली, ‘खिडकी छान आहे. पण मला नुसतं आभाळ दिसतंय. आभाळ तर मी घरीही बघते.’ खिडकी उभ्या माणसाच्या नजरेला बसवली होती. भाईजान हसले, पत्रा पुन्हा कापला आणि खिडकी खाटेच्या बरोबरीनं खाली आणली. मी तेव्हा मनात म्हटलं, कवितेत आपण हेच विसरतो. वाचणारा कुठं आणि कसा पडला आहे, हे न बघता खिडकी ठोकतो.

२००८ च्या जानेवारीत फजरची नमाज झाल्यावर आम्ही निघालो. वेग चाळीसचा. अम्मीनं घंटा पहिल्यांदा वाजवली ती मिरजगावच्या पुढे. काय झालं म्हणून धावलो, तर तिला रस्त्याकडेचा ऊस तोडताना बघायचा होता.

करमाळ्याच्या अलीकडे गाडी धक्के खात बंद पडली. फिल्टर उघडला तर काळा गाळ. डिझेलची टाकी धुण्याचं काम माझ्याकडे होतं. तीनदा धुवायला सांगितली होती, मी दोनदा धुतली होती. भाईजाननी माझ्याकडे एकदा बघितलं, पण बोलले काही नाही. फिल्टर साफ केला. पण डिझेलच्या वाटेत हवा शिरली की इंजिन चालत नाही. ती काढायला एकानं हातपंप दाबायचा, दुसऱ्यानं नट ढिला करून बुडबुडे जाऊ द्यायचे. एकट्याला ते जिकिरीचं, दोघांना सोपं.

‘दाब.’ मी दाबलं. ‘थांब. दाब.’ फेसाळ डिझेल येत होतं. किती तरी वेळ तेवढेच शब्द. मग पंप दाबता दाबता मी म्हटलं, ‘भाईजान, ती नोटीस...’

ते नटाकडेच बघत होते. म्हणाले, ‘मला कुठं वाचता येते तसली मराठी? शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतली. मास्तर म्हणाले, भाषा फार चांगली आहे.’ थोडं थांबून म्हणाले, ‘मग मला वाटलं, फीचे पैसे वाया नाही गेले. दाब.’

मी दाबत राहिलो. बुडबुडे थांबले, नितळ डिझेलची धार आली. त्यांनी नट आवळला. गाडी सुरू झाली. हातांना वास होता, त्या हातानं डोळे पुसता येईनात.

रात्र टेंभुर्णीजवळच्या एका पेट्रोलपंपाच्या आवारात काढली. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गोलघुमट दिसला. बहिणीच्या गल्लीत ट्रक शिरेना. मग भाच्यांनी बहिणीला खुर्चीत बसवून रस्त्यावर आणलं आणि आम्ही चौघांनी उचलून आत नेलं. खाटेशेजारी फळी टाकून जागा केली. मायलेकी त्या रात्री तिथंच झोपल्या. बहिणीचा एक हात चालत नव्हता. चालणारा हात अम्मीच्या बाजूला येईल, असं तिला झोपवलं. आम्ही भाऊ चाकाशी चटई टाकून पडलो. वरून रात्री उशिरापर्यंत बोलणं ऐकू येत होतं. बहिणीचे शब्द अडखळत, अम्मीचे भराभर. काय बोलल्या ते कळलं नाही. कळावं असं वाटलंही नाही.

आठ दिवस राहिलो. त्यानंतर आणखी दोनदा ती वारी झाली. २०११ मध्ये अम्मी गेली.

अंगणातली भिंत आजही आहे. वाटणी झाली ती झाली, तिच्यात बदल झाला नाही. पण आता भिंतीवरून चहाचे कप इकडून तिकडे जातात. ट्रक भाईजानच्या शेडमध्ये उभा आहे. नोंदणीची मुदत संपली, रस्त्यावर आणता येत नाही. इंजिन धरू नये म्हणून रविवारी सकाळी आम्ही ते अर्धा तास चालू ठेवतो. भाईजानचे हात आता कापतात. दिवा ते धरतात, पाना मी.

अधूनमधून भंगारवाला येतो. लोखंडाला आज भाव बरा आहे. अम्मीचे वारस म्हणून कागदांवर आम्हा दोघांच्या सह्या लागतात. तो भाईजानना विचारतो, तर ते म्हणतात, ‘माझी हरकत नाही, धाकट्याला विचारा.’ तो माझ्याकडे येतो. मी म्हणतो, ‘थोरले असताना मी कसं बोलू? त्यांनाच विचारा.’ बिचारा कितीतरी वर्षं या दारातून त्या दारात फिरतो आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)